आईला निरवानिरव करू द्या

कर्करोगाच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागात हे दृश्य रोज दिसते. आई बाहेर बाकावर बसलेली असते. मुलगा फाइल घेऊन आधी एकटाच आत जातो, दार लोटून घेतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, ‘‘डॉक्टर, तिला आत बोलावतो, पण तिच्यासमोर काही बोलू नका. साधी गाठ आहे, एवढंच सांगितलंय तिला.’’ मग आई येते. ‘‘काळजी करू नका हं मावशी, औषधं सुरू करतोय,’’ असे तिला सांगितले जाते आणि पुढचे बोलणे फाइलकडे बघत, निम्मे इंग्रजीत, मुलाशी होते. गाठ जिच्या शरीरात आहे आणि सुई जिच्या हाताला टोचायची आहे, ती सोडून खोलीतल्या प्रत्येकाला आजाराचे नाव ठाऊक असते.

यात कोणी दुष्ट नसते. मुलाचा जीव तुटत असतो, डॉक्टरांसमोर रांग असते आणि आईला दुःख होऊ नये एवढीच सर्वांची इच्छा असते. तरीही या मायेची किंमत शेवटी आईलाच मोजावी लागते. कर्करोगात आईला साथ द्यायची म्हणजे पैसा उभा करायचा, चांगले डॉक्टर गाठायचे आणि रात्री जागायचे, असे आपण मानतो. ते सगळे करावेच लागते. पण त्याआधीची एक गोष्ट आपल्या घरांतून राहून जाते. ती म्हणजे आईला विचारणे.

तिला कळत नाही?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात ‘‘तिला टाटाला नेलंय’’ एवढे म्हटले की पुढे काही विचारावे लागत नाही. १९४१ साली परळला सुरू झालेल्या त्या रुग्णालयाचे नाव हेच आता आजाराचे नाव झाले आहे. अशा ठिकाणी गेलेल्या बाईला शेजारच्या बाकावरच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया दिसत नाहीत काय? सलाइन चढत असताना शेजारच्या खुर्चीतली ‘‘तुमची कितवी?’’ असे विचारते, तेव्हा तिला काही उमगत नाही काय? मुलगी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते आणि कधी न येणारे दीर भेटायला येऊन पायाशी बसतात. आईला सगळे कळते. आपल्याला कळले आहे हे मुलांना कळले तर ती खचतील, म्हणून तीही काही बोलत नाही. एकाच घरात दोन बाजूंनी नाटक चालू राहते आणि जिला सर्वाधिक सोबतीची गरज असते ती बाई भरल्या घरात एकटी पडते.

‘‘सांगितलं तर तिचा धीर सुटेल’’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते उडवून लावण्यासारखे नाही. धीर खरोखर सुटतो, काही दिवस जेवण जात नाही, रडू येते. पण न सांगितल्याने भीती कमी होत नाही, ती फक्त आतल्या आत वाढते. ‘साधी गाठ’ असूनही तब्येत उतरत का चालली, दुखणे कमी का होत नाही, याचा ताळमेळ न लागणे हे नाव कळण्यापेक्षा अधिक छळते. शिवाय आशा म्हणजे फक्त बरे होण्याची आशा नव्हे. नातवाच्या मुंजीला उभे राहता यावे, एक रात्र न दुखता झोप लागावी, माहेरच्या जत्रेला एकदा जाऊन यावे, याही आशाच आहेत. आणि उरलेला वेळ किती व कसा आहे हे ठाऊक असेल तरच त्या पुऱ्या करता येतात.

सगळे सत्य एका दमात तोंडावर फेकावे, असा याचा अर्थ नाही. किती ऐकायचे हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. सुरुवात एका साध्या प्रश्नाने होऊ शकते: ‘‘आई, डॉक्टर सांगतात ते सगळं तुला सांगू, की मी ऐकून ठेवू?’’ काही जणी म्हणतील, ‘‘मला नको बाई, तूच बघ.’’ तोही तिचाच निर्णय आणि त्याचा मान राखायचा. मात्र हा प्रश्न दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचा, कारण माणसाचे मन बदलते. विचारून न सांगणे आणि न विचारताच लपवणे, यांत मोठे अंतर आहे.

आपल्या भाषेत ‘निरवानिरव’ असा एक जुना, शहाणा शब्द आहे. निघण्याआधी आपल्यामागच्या गोष्टी ज्याच्या त्याच्या हवाली करणे, देणे-घेणे मिटवणे, चार शब्द बोलून निरोप घेणे. जुन्या बायका हे सहज करत. नथ कोणाला, पाटल्या कोणाला, डब्यात ठेवलेले पैसे कशाचे, कोणत्या भावजयीशी अबोला धरला तो आता सोडायचा, हे त्या सांगून ठेवत. आजार लपवून आपण आईला दुःखापासून वाचवतो असे वाटते. प्रत्यक्षात तिच्याकडून ही निरवानिरव काढून घेतो.

उपचार कशासाठी, हे आधी विचारा

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख जणांचा या आजाराने मृत्यू झाला. स्त्रियांमध्ये स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. हे दोन्ही लवकर सापडले तर बरे होऊ शकतात. पण आपल्याकडच्या आया लवकर येत नाहीत. मुलीची बारावी होऊ दे, सुगी आटपू दे, सुनेचे बाळंतपण होऊ दे, असे म्हणत त्या पदराआडची गाठ महिनोन् महिने झाकून ठेवतात. परिणामी पहिल्या भेटीतच आजार पसरलेला असतो.

अशा वेळी कुटुंबाने डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न ‘‘खर्च किती?’’ हा नसावा. ‘‘हे उपचार आजार मुळातून बरा करण्यासाठी आहेत, की आटोक्यात ठेवण्यासाठी?’’ हा असावा. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार ही तिन्ही साधने दोन्ही हेतूंनी वापरली जातात. बरे होण्याची शक्यता मोठी असेल तर सहा महिन्यांचा त्रास सोसण्यात अर्थ असतो. केमोचा हेतू केवळ काही महिने वाढवण्याचा किंवा त्रास कमी करण्याचा असेल, तर त्या महिन्यांतले किती दिवस रुग्णालयात जातील, हेही विचारायला हवे. हा हिशेब आईशिवाय कोण करणार? एखादी म्हणेल, ‘‘धाकटीचं लग्न होईतो जे असेल ते द्या.’’ दुसरी म्हणेल, ‘‘पुरे झालं, मला घरी न्या.’’ दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण प्रश्न विचारल्याशिवाय ती मिळत नाहीत.

उपचारांच्या काळात लागणारी मदत अगदी साधी असते. एक वही करावी. तीत औषधे, तारखा, त्रास आणि पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न लिहावेत. डॉक्टरांशी घरातल्या एकानेच बोलावे, म्हणजे चौघांनी चार अर्थ लावण्याची वेळ येत नाही. केमोनंतरच्या दिवसांत अंगात १०० अंशांवर, विशेषतः १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर घरगुती गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. रात्री दोन वाजले तरी रुग्णालय गाठावे.

दुखण्याविषयी आया खरे सांगत नाहीत, हे गृहीत धरावे. ‘‘कसं वाटतंय?’’ला ‘‘बरंय’’ एवढेच उत्तर येते. डॉक्टर शून्य ते दहा असे आकडे विचारतात, ते अनेकींना परके वाटतात. त्याऐवजी ‘‘रुपयात किती दुखतंय? चार आणे, आठ आणे, की बारा आणे?’’ असे विचारून पाहावे. ‘‘काल आठ आणे होतं, आज चौदा आणे आहे’’ हे उत्तर डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

आणखी एका गोष्टीची वाच्यता होत नाही. स्तनाच्या कर्करोगात काही वेळा गाठ फुटून जखम होते, तिला वास येतो. बाई स्वतःहून मागच्या खोलीत अंथरूण टाकते, नातवंडांना जवळ येऊ देत नाही. तो वास जखमेतल्या जंतूंमुळे असतो आणि मेट्रोनिडाझोल या स्वस्त औषधाची पूड, डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोजच्या ड्रेसिंगमध्ये वापरली तर बहुधा काही दिवसांत आटोक्यात येतो. हे वेळेवर कोणी सांगत नाही, म्हणून किती बाया आयुष्याचे अखेरचे महिने अस्पृश्यासारखे काढतात!

‘हात टेकले’ असा अर्थ नव्हे

जखमेचा वास, दुखणे, मळमळ, धाप, झोप न येणे, मनातली भीती, घरातली ओढाताण या सगळ्यांकडे एकत्र पाहणाऱ्या वैद्यकशाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक शुश्रूषा. सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंनी तिचा आधुनिक पाया घातला. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर शिकून डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाची वेदना फक्त शरीराची नसते. मन, नातीगोती आणि श्रद्धा यांचीही असते, हा त्यांचा आग्रह होता. भारतातले पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला ‘शांती अवेदना’ या नावाने उभे राहिले. त्याची शाखा पुढे गोव्यातही निघाली. पुण्यात वारजे इथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून रुग्णांना विनामूल्य सेवा देत आहे.

इतकी वर्षे होऊनही या शाखेबद्दलचा गैरसमज कायम आहे. ‘‘तिकडे पाठवलं म्हणजे आता काही उरलं नाही’’ असे घरचे समजतात आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही डॉक्टरही. प्रत्यक्षात ही सेवा उपचार संपल्यावर नव्हे, निदान झाल्यापासून उपचारांच्या जोडीने द्यायची असते. याचा भक्कम पुरावा २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली. दुसऱ्या गटातल्या रुग्णांचे दैनंदिन जगणे अधिक सुसह्य झाले, नैराश्य कमी राहिले, अखेरच्या काळात त्यांनी जहाल उपचार कमी घेतले. आणि तरीही ते अधिक जगले: त्यांचे मध्यम आयुर्मान ११.६ महिने होते, तर पहिल्या गटाचे ८.९ महिने. हा एकाच प्रकारच्या कर्करोगाचा अभ्यास आहे, त्यामुळे वाढीव महिन्यांचे आश्वासन कोणाला देता येणार नाही. पण त्रास कमी केला की माणूस ‘लढणे सोडतो’ ही समजूत त्याने खोटी ठरवली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते. ती मिळते केवळ १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना. आपल्या ओळखीतल्या किती आयांना ती मिळाली, हे प्रत्येकाने स्वतः मोजून पाहावे.

अफूच्या देशात मॉर्फिनची वानवा

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हा जुना, परिणामकारक आणि स्वस्त उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशमनाची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत घालून दिली. साध्या गोळीने भागले नाही तर पुढची पायरी, आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन. मॉर्फिन ज्यापासून बनते ती अफू मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. तरीही आपल्या तालुक्यातल्या रुग्णाला ही गोळी मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने तिच्याभोवती परवान्यांचे असे जाळे विणले की बहुतेक रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी ती ठेवणेच सोडून दिले. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या डॉक्टरांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांसाठी प्रक्रिया सोपी झाली. कायदा बदलला, भीती मात्र तशीच राहिली.

‘‘सवय लागेल’’ ही पहिली भीती. वेदनेसाठी, योग्य मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे कर्करोगाच्या रुग्णात विरळा असते. ‘‘हे दिलं म्हणजे लवकर जाईल’’ ही दुसरी. नीट मोजून, हळूहळू वाढवत दिलेले मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही; न थांबणारी वेदना मात्र झोप, भूक आणि जगण्याची इच्छा खाऊन टाकते. सुरुवातीला मळमळ आणि गुंगी येते, ती बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून जोडीला हवेच. गोळी दुखल्यावर नव्हे, ठरल्या वेळी द्यायची असते. ‘‘सहन कर गं थोडं’’ हे वाक्य मुलांनी आईला आणि डॉक्टरांनी रुग्णाला म्हणू नये. तिने आयुष्यभर पुष्कळ सहन केलेले असते.

‘दोन घास तरी खा’

घरात सर्वांत जास्त भांडण होते ते जेवणावरून. मुलगी मऊ भात कालवून आणते, सून नाचणीची पेज करते, आणि आई तोंड फिरवते. ‘‘खाल्लं नाहीस तर शक्ती कशी येणार?’’ असा हट्ट होतो. तिचा घास घशात अडकतो, उलटी होते, मग दोघीही रडतात. आजार फार पुढे गेला की शरीर अन्न पचवण्याचे काम हळूहळू बंद करते. ती खात नाही म्हणून खंगत नसते; आजारामुळे खंगत असते, म्हणून खात नाही. हा क्रम घरच्यांनी समजून घेतला तर ताटावरचे निम्मे दुःख कमी होईल.

अखेरच्या दिवसांत बळजबरीने लावलेल्या सलाइनने ताकद येत नाही. उलट ते पाणी पायांत आणि फुप्फुसांत साठून सूज आणि धाप वाढू शकते. त्याऐवजी ओठ आणि जीभ ओल्या कापसाने वरचेवर पुसावी, बर्फाचा बारीक तुकडा चोखायला द्यावा, तिने मागितलेला कोकमाच्या सरबताचा एक चमचा तोंडात घालावा. आपल्या आईला भरवणे ही माया दाखवायची आपल्याकडची सर्वांत जुनी रीत आहे. ती सोडायची नाही, फक्त चमचा लहान करायचा.

शेवट कुठे?

प्रकृती खालावली की रुग्णवाहिका बोलावली जाते आणि आई अतिदक्षता विभागात जाते. तिथे नळ्या असतात आणि भेटीची वेळ ठरलेली असते. काही आजारांत अतिदक्षता विभाग जीव वाचवतो. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात तो बहुधा फक्त मरण लांबवतो. पैसे संपले की घरचे ‘डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ अशा कागदावर सही करून तिला घरी आणतात. मग ना मॉर्फिन, ना परिचारिका, ना रात्री फोन करायला कोणी. सही करणाऱ्याच्या मनात मात्र अपराधीपण जन्मभर राहते.

कायदा आता याहून माणुसकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. बरे होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, असे आधीच लिहून ठेवण्याची मुभाही दिली. ती प्रक्रिया फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती बरीच सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते पत्र नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या व्यक्तींची नावे त्यात घालता येतात. अशी वेळ आल्यास रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. हे इंजेक्शन देऊन मरण आणणे नव्हे. ते भारतात बेकायदाच आहे. निष्फळ यंत्रे न लावणे आणि वेदना मात्र अखेरपर्यंत शमवत राहणे, एवढाच याचा अर्थ.

घरी राहायचे ठरले तर तयारी लागते. रात्री फोन करता येईल असे डॉक्टर किंवा परिचारिका, पुरेशी औषधे, दर दोन-तीन तासांनी कूस बदलायला हात. मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतील, हेही आधी बोलून ठेवावे, नाहीतर त्या घडीला मुलांना दारोदार फिरावे लागते. अखेरच्या दिवसांत काय होते, हे घरच्यांना माहीत हवे. झोप वाढते. हातपाय गार पडतात. श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला भयानक वाटली तरी रुग्णाला बहुधा तिचा त्रास नसतो, कुशीवर वळवले की कमी होते. कधी ती गेलेल्या माणसांशी बोलते, ‘‘आई दारात उभी आहे’’ म्हणते. तिला खोडून काढू नये, हात धरून बसावे. ऐकण्याची शक्ती अगदी अखेरपर्यंत टिकू शकते, असे अभ्यास सुचवतात. म्हणून उशाशी वाद नकोत, हिशेब नकोत. ओळखीचे आवाज असू द्यावेत.

करणारीचे कोण करणार?

या लेखात ‘घरच्यांनी’ असे अनेकदा आले. हे घरचे म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक वेळा एक बाई असते: नोकरी सोडलेली मुलगी, नाहीतर सून. परगावचा भाऊ फोनवरून सूचना देतो, ‘‘आणखी एक ओपिनियन घेऊ’’ म्हणतो. बेडपॅन काढणारी गप्प राहते. तिला आठवड्यातून एक पूर्ण रात्र झोप मिळावी आणि तिच्या हाताखाली कोणी यावे, याची जबाबदारी बाकीच्या भावंडांनी वाटून घ्यायला हवी. मूल होताना रजा मिळते. आई जाताना मिळणारी वेगळी रजा बहुतेक नोकऱ्यांत नाही.

आणि सगळे घरावर टाकूनही चालणार नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडच्या काही डॉक्टरांनी एक छोटी संस्था सुरू केली. पुढे शेजारपाजारचे स्वयंसेवक, परिचारिका आणि ग्रामपंचायती तिच्या कामात आल्या. २००८ मध्ये त्या राज्याने पॅलिएटिव्ह केअरचे स्वतंत्र धोरण केले. तिथे पंचायतीची परिचारिका रुग्णाच्या घरी जाते. बचत गट, आशा सेविका, गणेश मंडळे असलेल्या महाराष्ट्राला हे अशक्य नाही. आरोग्य उपकेंद्रांच्या विस्तारित सेवांत पॅलिएटिव्ह केअरचा समावेश कागदावर झालेला आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन, प्रत्येक तालुक्यात घरी जाणारी प्रशिक्षित परिचारिका आणि प्रत्येक कर्करोग रुग्णालयात पहिल्याच भेटीत पॅलिएटिव्ह विभागाची ओळख, एवढ्या तीन गोष्टींसाठी नवे संशोधन लागत नाही. निवडणुकीत रुग्णालयाच्या इमारतीचे भूमिपूजन होते. परिचारिकेच्या स्कूटीचे होत नाही, एवढीच अडचण आहे.

सरकारची वाट पाहता पाहता घरात करण्यासारखे एक काम मात्र आजच करता येते. आई धडधाकट असली तरीही. अंगतपंगत चालू असताना, किंवा दुपारी ती शेंगा सोलत बसली असताना तिला विचारता येते: तुला कधी मोठा आजार झाला तर तुला सगळं कळलेलं आवडेल का? तुझ्या वतीने कोणी बोलावं? तू कुठे असावंस? कशाची भीती वाटते? कदाचित ती ‘‘काय अभद्र बोलतोस!’’ म्हणून उठून जाईल. दोन दिवसांनी, कपड्यांच्या घड्या घालताना, आपणहून उत्तर देईल.

आयुष्यभर घरात कोणाला काय हवे, कोण जेवले, कोणाला उशीर होणार, हे तिनेच विचारले. आता आपण तिला विचारायचे आणि ती सांगेल ते ऐकायचे.